नोएलच्या मापाचा सूट

"तयार कपडे दुकानातल्या पुतळ्यांनी घालावेत! माणसानं कसं, मापाचं शिवून घ्यावं!"

केल्विन ड्रमंडनं हे वाक्य बर्नी गावच्या बोल्स क्लबात एका आठवड्यात निदान चाळीस वेळा ऐकवलं असेल. त्याला कारणही तसंच होतं. हिरवळीवर चेंडू घरंगळवणाऱ्या साठ-सत्तर म्हाताऱ्यांनी त्याला क्लबाचा अध्यक्ष निवडलं होतं. (दुसरं कुणी उभंच राहिलं नव्हतं, पण ते जाऊ द्या!) सप्टेंबरात क्लबाचं वार्षिक जेवण, त्यात अध्यक्षाचं भाषण, आणि नेमकी निवडीच्याच आठवड्यात, जूनमध्ये, पेपरात जाहिरात: हाँगकाँगचा फिरता शिंपी बंदरासमोरच्या मोटेलात दोन दिवस उतरणार. सूट, शर्ट, हवं तसं, हवं त्या कापडाचं. सहा आठवड्यांत घरपोच!

केल्विननं त्याच दुपारी आपला एकुलता एक तपकिरी कोट नेऊन चर्चच्या कपड्यांच्या दानपेटीत कोंबला. शिवलेला सूट येणार म्हटल्यावर जुन्याचं काय काम? सहा फूट दोन इंच उंची, त्याला शोभेलसं पोट, बंदरातल्या भोंग्यासारखा आवाज आणि घाई! बायको डोरीन दहा वर्षांपूर्वी "मला ऊन पाहिजे" म्हणून क्वीन्सलँडला निघून गेली ती परतली नाही. तेव्हापासून त्याला थांब म्हणणारं घरात कुणी नव्हतं.

थांब म्हणणारा एकच माणूस उरला होता, नोएल प्रिचर्ड. दोघं कागदाच्या गिरणीत बरोबर लागले आणि गिरणी बंद पडली त्या दिवशी बरोबर बाहेर पडले. नोएल ओंडक्यांच्या आवारात, केल्विन मालाच्या पावत्या लिहायला. नोएल मूळचाच लहान चणीचा. त्यात मार्चपासून त्याच्या पोटात कर्करोगानं बिऱ्हाड केलं होतं. लॉन्सेस्टनच्या इस्पितळातले डॉक्टर "ख्रिसमसपर्यंत निघेल का, बघू" म्हणाले होते.

केल्विननं शिंप्याची बातमी सांगितली, तेव्हा नोएल खिडकीपाशी बसून चहा गार करत होता.

"मी पण येतो," तो म्हणाला.

"तू? तुला कशाला रे सूट?"

बोलून गेल्यावर केल्विनला आपली जीभ तोडून टाकावीशी वाटली. पण नोएल हसला.

"लागेल की एक. लवकरच लागेल. लहानपणी थोरल्या भावाचे कपडे घातले. गिरणीत लहान मापाचा डगला कधी शिल्लकच नसायचा. लग्नात रोझच्या भावाचा सूट होता, बाह्या आत दुमडून टाचण्या लावलेल्या. पाद्री विचारतोय हिच्याशी लग्न करतोस का, आणि मी म्हणतोय आई गं! आता तर माझे स्वतःचे कपडेही माझ्या मापाचे राहिले नाहीत. एकदा तरी, केल, माझ्या मापाचं काहीतरी अंगावर घालू दे."

बाहेर समुद्रावरून वारा येत होता आणि खिडकीची तावदानं खडखडत होती. केल्विन त्यांच्याहून मोठ्यानं बोलला, "मग झालं तर! अध्यक्षाच्या शेजारी बसायचं म्हणजे सूट हवाच!"

मोटेलच्या सात नंबरच्या खोलीत पलंगावर कापडाचे तुकडे पत्त्यांसारखे मांडले होते. शिंप्याचं नाव होतचंद, पण गावोगावची गिऱ्हाइकं त्याला मिस्टर होतू म्हणत. साठीचा, चकचकीत बुटांचा, गळ्यात मापाची फीत. मापं लिहून घ्यायला एरवी त्याचा मेहुणा असायचा. तो आज धुक्यामुळे मेलबर्नच्या विमानतळावर अडकून पडला होता.

"माफ करा साहेब, जरा वेळ लागेल. माप पण मीच घ्यायचं, लिहायचं पण मीच. आणि बाहेर अजून चार गिऱ्हाइकं उभी आहेत."

"काही गरज नाही!" केल्विन गरजला. "तुम्ही नुसते आकडे ओरडा. ह्याचं माप मी लिहितो, माझं तो लिहील!"

दोघांनी आधी एकेका फॉर्मवर नाव, पत्ता, शर्टाच्या आणि कोटाच्या आतल्या खिशावर भरायची अक्षरं, सगळं लिहून सह्या केल्या. केल्विननं गडद निळं कापड निवडलं. नोएलनं बोटांनी चाचपून तेच निवडलं.

"जुळे भाऊ दिसू!" केल्विन म्हणाला.

"हो. एकाला आईनं जेवायला घातलं आणि एकाला विसरली," नोएल म्हणाला.

मग नोएल आरशासमोर उभा राहिला. मिस्टर होतू आकडे सांगू लागला. छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस. केल्विन समोरच्या कागदावर भराभर लिहीत होता आणि त्याच वेळी क्लबाच्या जेवणात मटण ठेवावं की मासे, ह्यावर भाषण देत होता. नोएलच्या बरगड्यांवरून फीत फिरवताना शिंप्याचा हात जरा थांबला.

"साहेब, थोडी ढील ठेवू? पुढे अंग भरलं तर..."

"नको. आहे तेवढंच धरा. ह्याच्या पुढे काही भरायचं नाही."

शिंप्यानं मान हलवली आणि दोन्ही हातांनी, देवाच्या मूर्तीचं माप घ्यावं तसं हळूहळू त्याचं माप घेतलं.

मग केल्विन उभा राहिला आणि नोएल लिहायला बसला. फीत पोटाला पुरता पुरता पुरली! शेवटी मिस्टर होतूनं विचारलं, "साहेब, फॉर्म नीट बघून घेतलेत ना? नावं, आकडे?"

"अहो, तीस वर्षं पावत्या लिहिल्यात मी! एक चुकली नाही! एक!"

बाहेर गिऱ्हाइकं खोळंबली होती. मिस्टर होतूनं दोन्ही फॉर्मची घडी केली आणि बॅगेत टाकली.

नोएल ख्रिसमसपर्यंत थांबला नाही. जुलैच्या शेवटच्या रविवारी, त्याची बायको रोझलिन स्वयंपाकघरात पाणी तापवत असताना तो खिडकीपाशी बसल्या बसल्याच गेला. मंगळवारी दोन्ही घरी दोन खोकी आली. रोझलिननं नोएलचं खोकं जसंच्या तसं ग्लेनिस टीगच्या हवाली केलं. गावातल्या माणसांना शेवटचे कपडे घालून, शवपेटीत नीट निजवून निरोपासाठी तयार करायचं काम ग्लेनिसचं. केल्विननं आपलं खोकं उचलून कपाटावर ठेवून दिलं. उघडायला हातच होईना.

बुधवारी तो भोपळ्याचं सूप करून रोझलिनकडे घेऊन गेला. ती अंगात नोएलचा स्वेटर घालून बसली होती.

"काल बघून आले त्याला," ती म्हणाली. "ग्लेनिसनं छान निजवलंय. पण केल, तो सूट! सहा आठवड्यांपूर्वी मापानं शिवलेला सूट, आणि त्यात तो दिसतच नाही रे. कॉलरमध्ये माझी मूठ जाईल. बाह्यांतून नुसती नखं बाहेर. सहा आठवड्यांत माणूस एवढा आटतो? रोज समोर बसत होते मी त्याच्या. मला दिसलं कसं नाही? तो नको म्हणाला की मी ताट उचलायचे. बळं भरवायला हवं होतं का रे?"

"आजारच तसा होता, रोझ," केल्विन म्हणाला. दुसरं काय म्हणणार? ती सुपाला शिवली नाही. शेवटी तेही त्यानंच संपवलं आणि घरी येताना रस्ताभर स्वतःला शिव्या दिल्या.

शुक्रवारी अकराला चर्चमध्ये निरोप होता. केल्विन पहाटेच जागा झाला होता. सात वाजता त्यानं खोकं खाली काढलं. गडद निळा सूट, दोन पांढरे शर्ट, खिशावर रेशमानं भरलेली अक्षरं. काय देखणं काम! त्यानं विजारीत पाय घातले.

विजार मांडीपर्यंत आली आणि थांबली.

केल्विननं ओढली. विजार हलेना. त्यानं श्वास रोखून ओढली. तो पलंगावर आडवा झाला, पाय छताकडे केले, पुन्हा ओढली आणि धपकन गालिच्यावर कोसळला! मग त्यानं कोट घ्यायचा ठरवला. उजवा हात गेला, पण कोपराशी अडकला. डावा घालायला गेला तेव्हा दोन्ही हात पाठीमागे असे करकचून बांधले गेले, की पोलिसांनीही इतक्या इमानानं बांधले नसते. त्या अवस्थेत तो घरभर फिरला, दाराच्या कडीला बाही अडकवून कसाबसा सुटला आणि वजनकाट्यावर जाऊन उभा राहिला. काटा जूनमध्ये होता तिथंच होता!

"लुच्चा शिंपी!" केल्विन ओरडला आणि त्यानं फोन उचलला.

मिस्टर होतू न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, दुसऱ्या कुठल्याशा मोटेलात कुणाची तरी छाती मोजत होता.

"मिस्टर होतू! तुम्ही मला लहान पोराचा सूट पाठवलाय!"

"कोण साहेब आपण?"

"ड्रमंड! बर्नी! छाती अठ्ठेचाळीस!"

पलीकडे कागदांची खसखस झाली. "ड्रमंड साहेब, आपली छाती चौतीस आहे."

"माझी? अहो, माझं नुसतं मनगट चौतीस असेल!"

"साहेब, आपल्याच अक्षरात आहे. फोटो पाठवतो, बघून घ्या."

फोटो आला. वर नाव केल्विन ड्रमंड. खाली सही केल्विन ड्रमंड. आणि मधे, वळणदार, सुवाच्य, तीस वर्षं पावत्या लिहून कमावलेल्या अक्षरात: छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस.

केल्विन पलंगाच्या कडेवर बसला. नोएलचं माप आपण आपल्याच फॉर्मवर लिहिलं. मग केल्विनचं माप नोएलनं... उरलेल्या, नोएलच्या फॉर्मवर. मग नोएलच्या घरी गेलेला सूट...

"अरे देवा!" तो म्हणाला. "नोएलनं माझा सूट घातलाय!"

आणि मग त्याला रोझलिन आठवली. बळं भरवायला हवं होतं का रे? जन्मभर दुसऱ्याच्या मापात राहिलेल्या माणसानं शेवटी एक गोष्ट मागितली होती. एकच!

त्यानं जीन्स चढवली, वर स्वेटर घातला, सूट खोक्यात कोंबला आणि गाडी काढली.

ग्लेनिस टीग पन्नाशीची, भक्कम बाई. नवऱ्याच्या मागं तिनं हा धंदा चालवला होता, आणि रडणारी माणसं तिला पावासारखी रोजची होती.

"ग्लेनिस! नोएलनं माझा सूट घातलाय!"

ग्लेनिसनं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. मग हलकेच त्याचा दंड धरला.

"बस, केल्विन. होतं असं. फार जवळचं माणूस गेलं की काहीही वाटतं. चहा टाकू?"

"मला चहा नको, मला विजार हवी!"

"हो, हो. आधी बस तर."

त्यानं फॉर्मचा फोटो दाखवला. खोक्यातला कोट काढून आपल्या छातीवर धरला. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"तरीच! पाठीमागं हातभर कापड दुमडून टाचण्या लावल्यात मी," ती म्हणाली. "लोक नेहमी जाड असतानाचे जुने सूट आणतात, मला वाटलं तसंच असेल. पण केल्विन, कपडे बदलायचे तर ते रोझलिननं सांगायला हवं. कर तिला फोन."

"तिला नाही सांगता येणार गं मला!"

"मग मला नाही बदलता येणार."

एवढ्यात बाहेर फुलांच्या गाडीचा भोंगा वाजला. ग्लेनिस गेली. केल्विन एकटा उरला. एकटा म्हणजे, नोएल होता.

उघड्या शवपेटीत नोएल निजला होता. निळ्या कापडाच्या त्या ढिगात त्याचा चेहरा कुणी पांघरूण फार वर ओढून घेतलेल्या मुलासारखा दिसत होता. केल्विननं त्याच्या हाताला हात लावला आणि दचकून मागं घेतला. बाहेरच्या दगडी पायरीइतका गार.

"नोएल, लेका," तो म्हणाला, "तू म्हणाला असतास, थांब, केल, कागद बघ. तू पण त्या दिवशी काही बोलला नाहीस. दमला होतास ना? आणि मी मटण की मासे करत बसलो. थांब आता जरा. दोन मिनिटांत करतो."

त्यानं टाचण्या काढल्या, मानेखाली हात घातला आणि कोट हळूच ओढला. कोट केळ्याच्या सालीसारखा पटकन हातात आला! केल्विननं उलटून पाहिलं. कॉलरपासून खालपर्यंत पाठ सरळ चिरलेली! क्षणभर त्याला वाटलं आपणच फाडला. मग लक्षात आलं, ताठलेल्या माणसाला कपडे घालायचे तर ते असेच पाठीमागून कापतात. पुढून साहेब, मागून उघडं.

हा खरंच आपलाच का, एवढं तरी बघावं, म्हणून त्यानं स्वेटर काढला आणि पुढून दोन्ही हात कोटात घातले. भिंतीवर आरसा होता. केल्विननं पाहिलं आणि पाहतच राहिला. खांद्यावर चपखल! पोटावर सुरकुती नाही! जन्मात असा कोट त्याच्या अंगावर चढला नव्हता. त्यानं छाती काढली. अध्यक्षासारखा एक हात वर केला...

"केल्विन!"

दारात रोझलिन उभी होती. हातात नोएलचा चष्मा. तो घरीच राहिला होता, म्हणून ती घेऊन आली होती. समोर तिचा नवरा नुसत्या शर्टात, आणि नवऱ्याचा कोट घालून आरशात बघणारा त्याचा जिवलग मित्र.

"रोझ, तुला वाटतंय तसं नाही!"

"मेलेल्या माणसाच्या अंगावरचा कोट!" ती किंचाळली. "अरे, जिवंतपणी मागितला असतास तर काढून दिला असता त्यानं!" आणि तिनं हातातली पर्स फिरवली. पहिला तडाखा कानावर बसला. दुसरा बसू नये म्हणून केल्विन पेटीच्या पलीकडे पळाला. ती मागोमाग. दोघांनी नोएलला दोन प्रदक्षिणा घातल्या. चिरलेल्या कोटाचे दोन पंख केल्विनच्या मागं फडफडत होते.

"तो आटला नव्हता, रोझ!" केल्विन ओरडला. "हा माझा कोट आहे! माझ्या मापाचा! मी गाढवानं कागद बदलला! तो एवढा आटला नव्हता!"

पर्स हवेतच राहिली.

केल्विननं धापा टाकत खोक्याकडे बोट दाखवलं. रोझलिननं त्यातला लहान कोट उचलला. सगळी शिवण पाहिली. मग तो नेऊन नोएलच्या अंगावर ठेवला. खांद्याला खांदा लागला. बाही मनगटाशी येऊन थांबली.

ती खुर्चीत बसली.

"म्हणजे तो एवढा नव्हता झाला."

"नव्हता."

"मी जेवायला घालत होते त्याला."

"घालत होतीस, रोझ. मी बघत होतो ना."

ती रडली. गेले पाच दिवस ती रडतच होती, पण हे रडणं निराळं होतं. केल्विनही रडला, आणि रुमाल जीन्सच्या खिशात सापडेना तेव्हा त्यानं आपल्या नव्या कोटाची बाही वापरली. मग तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "तीस वर्षांत एक पावती चुकली नाही म्हणे!"

"कुणाच्या लक्षात आली नसेल," केल्विन पडेल आवाजात म्हणाला.

ग्लेनिस फुलं घेऊन आत आली, तिनं एकूण देखावा पाहिला आणि फुलं खाली ठेवली. रोझलिन उठून म्हणाली, "ग्लेनिस, त्याला हा सूट घालायचाय. आणि ह्याला कात्री लावायची नाही. अख्खा घालायचा."

"अख्खा घालायला वेळ लागतो गं."

"लागू दे. त्याला कुठं जायचंय?"

तिघांनी मिळून पाऊण तास खपून नोएलला शर्ट चढवला, विजार चढवली, कोट चढवला. रोझलिन बटणं लावत होती. केल्विन नोएलला पाठीमागून धरून उभा होता. शेवटचं बटण लागलं आणि ग्लेनिससुद्धा दोन पावलं मागं सरून नुसती बघत राहिली. नोएल कुठं बाहेर निघालेला दिसत होता. रुबाबदार!

"आतल्या खिशावर नाव मात्र तुझं आहे, केल," रोझलिन अस्तर चाचपत म्हणाली.

"उसवू?"

"राहू दे. वर गेल्यावर कुणी जुनी भानगड काढली, तर तुझ्या नावावर खपवील."

आणि तिनं त्याच्या नाकावर चष्मा ठेवला.

घड्याळात साडेदहा वाजले होते. खांदा द्यायच्या सहाजणांत केल्विन होता, शोकाचे दोन शब्दही त्यालाच बोलायचे होते, आणि अंगावर होती जीन्स. घरी तरी काय होतं? तपकिरी कोट तर दानपेटीत!

"तुझाच सूट आहे ना? घाल की मग," रोझलिन म्हणाली.

ग्लेनिसनं जाड काळ्या दोऱ्यानं कोटाची पाठ कॉलरपासून कंबरेपर्यंत टाचून दिली. शिवण कोटाच्या खालच्या टोकाला पोचायच्या आत पेटी न्यायला आलेला गाडीवाला हाका मारू लागला आणि ती धावली. केल्विननं पडद्याआड जाऊन मोठा शर्ट खोचला, विजार चढवली, पट्टा आवळला. विजार कशी झक्क बसली! आत लोकरीची लांब चड्डी होती, बर्नीत जुलै म्हणजे ऐन हिवाळा, दुसरं करणार काय? डोरीन गेल्यापासून तो सगळे कपडे एकत्रच धुवायचा, त्यामुळे लाल जर्सीच्या संगतीनं चड्डी छानपैकी गुलाबी झाली होती. पण आतलं कोण बघतंय!

चर्च भरलं होतं. केल्विन उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्याचा भोंगा वाजेना. लिहून आणलेला कागद खिशात होता, पण तो काढावासा वाटला नाही.

"नोएल माझ्यापेक्षा हुशार होता," तो म्हणाला. "तो मला थांब म्हणायचा आणि मी थांबत नसे. मी त्याच्यासाठी एक काम वाईट केलं, मग ते नीट केलं. एवढंच. नोएल आज त्याच्या मापाच्या कपड्यांत आहे. हे त्याला हवं होतं."

लोकांना अर्थ कळला नाही, पण त्यांनी रुमाल काढले. पुढच्या बाकावर रोझलिननं एकदाच मान हलवली.

मग खांदा द्यायची वेळ आली. सगळ्यात उंच म्हणून केल्विन शेवटच्या जोडीत, आणि त्याच्या लगेच मागं घरची माणसं आणि सगळं गाव. पेटी उचलून खांद्यावर घेताना कोट कंबरेवर चढला. केल्विनचं तिकडं लक्ष नव्हतं. नोएल किती हलका! चर्चचं दार उघडलं, समुद्रावरचा वारा आत घुसला आणि त्याच्या पाठीतून खालपर्यंत एक गार शिरशिरी गेली. लोक म्हणतात ते खरं, त्याला वाटलं, दुःख असं हाडांत उतरतं.

मागून हुंदका ऐकू आला. मग आणखी एक. मग एकदम आठ-दहा. माणसं तोंडात रुमाल कोंबून खांदे गदगदा हलवत होती. केल्विनचे डोळे भरून आले. ह्या गावाचा नोएलवर एवढा जीव होता! आपल्याला कधी कळलंच नाही! त्यानं मान आणखी ताठ केली, पावलं आणखी सावकाश टाकली आणि सबंध गावाला पोटभर रडू दिलं.

दफन झाल्यावर हॉलमध्ये चहा होता. सँडविच, सॉसेज रोल, ताटलीभर लॅमिंग्टन केक. जो तो येऊन केल्विनचा हात हातात घेई, डोळ्यांत पाणी आणी आणि काही न बोलता लगबगीनं निघून जाई. क्लबाचे खजिनदार मर्व्ह तर "नोएल असता तर..." एवढंच म्हणाले आणि चेहरा झाकून बाहेरच पळाले.

शेवटी रोझलिन चहाचा कप घेऊन त्याच्याजवळ आली.

"केल, जरा भिंतीला टेकून उभा राहतोस?"

"का गं? मला बरं वाटतंय."

"कोट ग्लेनिसनं शिवला," ती हळू आवाजात म्हणाली. "विजार कुणी शिवली?"

केल्विनचा हात सावकाश पाठीमागं गेला. पट्ट्याखाली त्याच्या बोटांना मऊ लोकर लागली. पट्ट्यापासून खाली, जिथंवर हात पोचला तिथंवर नुसती लोकर! माणसाला कपडे घालायचे तर विजारही कापतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"पेटी उचललीस तेव्हापासून. मी तुझ्या मागंच होते."

"रोझ! मग सांगितलं का नाहीस!"

रोझलिननं कपात पाहिलं. तिचे डोळे भरलेले होते आणि ओठ मात्र कसेबसे मिटून धरलेले.

"कसं सांगणार, केल? तुझ्या खांद्यावर नोएल होता. दचकून सोडला असतास म्हणजे?"

केल्विननं भिंतीला पाठ लावली. माणसं एकेक करून गेली, लॅमिंग्टन संपले, चहा निवला. संध्याकाळी खुर्च्या आवरून दिवे मालवायला हॉलचा राखणदार आला, तेव्हा अध्यक्षसाहेब अजून तिथंच उभे होते, आणि त्याला अगदी नम्रपणे विचारत होते, की खिडकीचा एक पडदा सोमवारपर्यंत उसना मिळेल का.